दुखते काय? नाही जी

शाळेतल्या आरोग्य तपासणीचं कौतुक मला सांगू नका. आता नातीच्या शाळेतून मोबाइलवर फोटो येतात. डॉक्टरीणबाई मुलांच्या छातीला नळी लावताहेत, मुलं हसताहेत, मागे फुगे बांधलेत. मी बघते आणि फोन पालथा ठेवते. आमच्या शाळेत तपासणी व्हायची ती पोरांची नव्हतीच, गुरुजींची होती. आणि गुरुजी दरवर्षी पास व्हायचे.

गाव आमचं दिग्रसच्या बाजूचं. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट आहे. शाळा म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांब खोली, पुढं ओटा, ओट्यापुढं कडुनिंब. पहिली ते चौथी सगळे वर्ग त्याच खोलीत आणि सगळ्यांना मिळून एक गुरुजी. गुरुजी म्हणजे वर काळी टोपी, खाली पांढरं धोतर, आणि मधल्या जागेत फारसं काही नाही. गावात मात्र मान मोठा. पाटलाच्या घरून भाजी यायची, ताक यायचं, आणि पाटलाच्या नातवाला गणित येवो न येवो, पहिला नंबर त्याचाच यायचा.

त्यांच्याजवळ एक वेत होता, तेल पाजून गुळगुळीत केलेला. तो गावातल्या पोट्ट्यांसाठी. गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या पोरांसाठी पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी काडी. तिच्या गाठी हाताला लागतात. आम्हाला मारून झालं की गुरुजी ती खिडकीतून बाहेर फेकून द्यायचे. वेत बाटायला नको ना बाप्पा. आमच्या आईबापांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आम्ही बौद्ध झालो. पण गुरुजींच्या वेताला ते कोणी कळवलं नव्हतं.

मारायची त्यांची एक रीत होती. एक छडी बसली की विचारायचे, "दुखलं काय?" हो म्हटलं की अजून एक. ओय म्हटलं की अजून एक. हात मागं घेतला, डोळ्यात पाणी दिसलं, तरी अजून एक. "नाही जी" म्हटलं की थांबायचे आणि म्हणायचे, "शाब्बास." ह्याला ते पोरांना घट्ट करणं म्हणायचे. आम्ही सगळेच घट्ट झालो होतो. पहिलीतलं शेंबडं पोरगंही हात लाल करून, ओठ दाबून "नाही जी" म्हणायला आठ दिवसांत शिकायचं. अक्षरं शिकायला वर्ष लागायचं.

डॉक्टर येणार असं कळलं की शाळेत तालीम सुरू व्हायची. अंघोळ करून या, डोक्याला तेल लावून या, नखं काढून या, हे तर होतंच. वर प्रश्नोत्तरं. "दात घासता काय?" "हो जी." "दूध पिता काय?" "हो जी." "कुठं दुखते काय?" "नाही जी." सगळी शाळा एका सुरात. दूध आमच्यापैकी निम्म्यांनी बाळंतिणीच्या घरात सोडलं तर पाहिलं नव्हतं. गावातलं दूध दिग्रसच्या हॉटेलात जायचं. पण हो जी म्हणायला काय लागतं? ज्याला खोकला आहे, ज्याचं पोट फुगलं आहे, कान वाहतो आहे, त्याला त्या दिवशी घरी राहायला सांगायचे. तपासणीच्या दिवशी आजारी पोरं शाळेत नकोत, इतकी दूरची अक्कल यवतमाळच्या साहेबांनाही सुचली नसती.

माझी बहीण तेव्हा दुसरीत होती, मी चौथीत. मला शाळेचा तिटकारा. तिला मात्र शाळा म्हणजे जीव की प्राण. पाटी फडक्यात गुंडाळून उशाशी घेऊन झोपायची. शेळीच्या पिलाला समोर बांधून पाढे म्हणायची आणि पिलू ओरडलं की त्याला दटावायची. गुरुजी जे शिकवतील ते सगळं खरं मानून मनापासून शिकायची. तिचं तेवढंच चुकलं.

त्या पावसाळ्यात तिचा हात मुरगळला होता. शेजारच्या म्हातारीनं मनगटाच्या वर बिब्बा लावला. बिब्ब्याचं तेल गरम करून दुखऱ्या जागी चटका देतात, आमच्याकडं सर्रास. एखाद्याला सोसतो, एखाद्याला उततो. हिला उतला. फोड आले, फुटले, सुकले, आणि रुपयाएवढी कातडी पांढुरकी राहिली. हात बरा झाला. चट्ट्याकडं मग कोणी पाहिलं नाही.

डॉक्टर आला थंडीत, कापसाची वेचणी जोरात होती तेव्हा. तरुण होता. जीपमधून उतरल्याबरोबर त्यानं रुमालानं बूट पुसले. परत जाईपर्यंत धुळीतच चालायचं आहे, हे त्याला कोणी सांगावं. आधी पाटलाकडं कोंबडी झाली, मग शाळा. ढेकर देत देत त्यानं आमच्या जिभा पाहिल्या. गावातल्या पोट्ट्यांच्या छातीला नळी लावली. आमची ओळ आली तेव्हा गुरुजी त्याच्या कानाशी लागले आणि मग नळी गळ्यातच राहिली. आमची छाती त्यानं लांबूनच ऐकली. कान फार तिखट असणार.

त्या वर्षी महारोगाचीही पाहणी होती. अंगावर कुठं फिक्कट चट्टा दिसला की तिथं टाचणी टोचायची. टोचल्याचं पोराला कळलं नाही, तर तो महारोग. एवढं सोपं शास्त्र. पोट्ट्यांचे सदरे काढले, पोरींच्या बाह्या वर केल्या. माझ्या बहिणीचा चट्टा त्याला दिसला आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तो खुर्चीतून पुढं सरकला. तिला तोंड फिरवायला सांगितलं. टाचणी टोचली.

"दुखतंय का?"

तोंड फिरवलं होतं ते नेमकं गुरुजींकडं. गुरुजी वेत पाठीमागं धरून उभे होते.

"नाही जी," ती म्हणाली. तालमीत म्हणायची तशीच, स्पष्ट.

त्यानं जास्त खोल टोचली. "आता?"

"नाही जी."

मी मागे उभी होते. तिच्या पायाचा अंगठा शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतताना मला दिसला. डॉक्टरला दिसला नाही, कारण डॉक्टरला पाय तपासायचे नव्हते. तो गुरुजींना सगळ्या शाळेसमोर म्हणाला, "हिला आहे असं वाटतं. उरलेल्या पोरांसाठी मी पुढच्या आठवड्यात येतोच आहे. तेव्हा पुन्हा बघतो. नक्की झालं तर शाळेतून काढावं लागेल, महारोग्यांच्या आश्रमात पाठवावं लागेल. तोवर वेगळी ठेवा." आणि स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं हात पुसले, जरी तिला त्याचा हात लागला नव्हता, टाचणीच लागली होती.

गुरुजींच्या तोंडावर दुःख दिसलं असं कोणी म्हणेल तर मी त्याला मूर्ख म्हणेन. तिची पाटी त्यांनी काडीनं सरकवत ओट्यापर्यंत आणली आणि म्हणाले, "ने. आता येऊ नको." जीप गावाबाहेर जायच्या आत बातमी गावभर झाली.

बाबा हंगामात दिग्रसच्या कापसाच्या जिनात हमाली करायचे, हंगाम सरला की घरी यायचे. घरी माय होती. ती वेचणीवरून आली ती ओटीत कापूस तसाच घेऊन. तिला शेतातच कोणीतरी सांगितलं होतं. बहीण भिंतीला टेकून बसली होती, पाटी पोटाशी धरून. मायनं तिचा हात दिव्याजवळ ओढला. दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं.

"दुखलं होतं काय वं तुले?"

"हो."

"लय?"

"लय."

"मंग नाही काहून म्हटलं?"

बहिणीनं मायकडं अशी नजर टाकली, जणू हिला एवढंही समजत नाही. "हो म्हटलं का अजून एक भेटते," ती म्हणाली.

माय माझ्याकडं वळली. मग मी तिला सगळं सांगितलं, वेत, पऱ्हाटी, शाब्बास, दुधाची तालीम, सगळं. आम्ही घरी कधी सांगितलंच नव्हतं. मार खाल्ला हे घरी सांगितलं तर घरी वेगळा मार, ही तेव्हाची रीत. मायनं गुरुजींच्या आईपासून सुरुवात करून जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. पण ऐकायला फार बरं वाटलं.

त्या आठवडाभरात गावानं आपले गुण दाखवले. वेचणीला बोलावणारी बाई दारापर्यंत यायची, ती आता लांबूनच हात हलवून नको म्हणाली. गावच्या विहिरीवर आम्हाला जागा नव्हतीच, त्यामुळं तिथून आम्हाला कोणी हाकलू शकलं नाही. पण आमच्याच वाड्यातल्या बायांनी, मायबरोबर नागपूरला पायी गेलेल्या, एका पंगतीत जेवलेल्या, त्यांनी आमची बादली आली की आपापल्या घागरी बाजूला घेतल्या. ते मला जास्त लागलं. आजही लागतं. गावानं बाटलेलं मानलं ते मी थुंकून टाकलं, पण घरच्यांनी तेच करावं? आणि ती बिब्बावाली म्हातारी. माय तिच्याकडं गेली, म्हणाली, "चाला, डाक्टरले सांगा का तुमी बिब्बा लावला म्हून." म्हातारी म्हणाली, "म्या? म्या कवा लावला?" अर्ध्या गावाला बिब्बे लावून बसलेली बाई. बोटं काळी तशीच होती.

मायला दुसरं काही सुचेना, तेव्हा तिनं घरात उलटी तालीम लावली. चुलीपुढं बहिणीला बसवायची, बाभळीचा काटा घ्यायची आणि हातावर हलकेच टोचायची.

"दुखते काय?"

"नाही माय."

"अवं, मी माय आहो तुही. मी कायले मारीन? दुखलं तं दुखलं म्हण. दुखते काय?"

"नाही माय."

माय जरा जोरात टोचायची. बहीण ओठ दाबून धरायची आणि शाब्बास म्हणायची वाट पाहत बसायची. रोज संध्याकाळी हेच चालायचं. मला तिचा राग यायचा. वाटायचं, एवढं साधं तोंडातून निघत नाही हिच्या? एका संध्याकाळी तिनं "हो" म्हटलं, इतकं हळू, की चुलीतली काडी तडकली तिचा आवाज मोठा होता. म्हटलं आणि डोळे घट्ट मिटून हात पुढं केला, अजून एकीसाठी. मायनं काटा चुलीत टाकला आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. मायला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला शाळा जाळून टाकावीशी वाटली, कवेलूसकट.

डॉक्टर पुन्हा आला. पुन्हा कोंबडी, पुन्हा ढेकर. बहिणीला त्या दिवशी बोलावणं होतं. मायनं तिला नवं लुगडं फाडून शिवलेलं परकर-पोलकं घातलं आणि स्वतः शाळेच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. आत यायची तिला परवानगी नव्हती. परवानगी कोणी नाकारली नव्हती, पण तशी गरजही पडत नव्हती.

बहीण डॉक्टरपुढं उभी राहिली. गुरुजी खुर्चीमागं, वेत पाठीशी. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, पण ती माझ्याकडं पाहत नव्हती. नक्की झालं की ती आश्रमात जाणार, हे पहिलीतल्या पोरांनाही माहीत होतं.

टाचणी टोचली. "दुखतंय का?"

तिनं गुरुजींकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणते.

"नाही जी."

आठवडाभराची माती झाली. डॉक्टरनं मान हलवली, गुरुजींनी त्याच्याहून जास्त हलवली. तेवढ्यात माय ओटा चढून आत आली. चपला नव्हत्याच, त्यामुळं काढायचा प्रश्न नव्हता.

"ही कोण?" डॉक्टरनं गुरुजींना विचारलं. माय समोर उभी असताना.

"पोरीची माय आहो साहेब," माय म्हणाली. "तुमी माह्या पोरीले टोचलं. आता एका चांगल्या पोराले टोचा. मंग सांगा काय सांगाचं ते."

"त्यांना कशाला? त्यांच्या अंगावर चट्टा नाही."

"म्हूनच म्हणतो."

गुरुजी पुढं झाले. "ए, बाहेर हो," म्हणाले. पण डॉक्टर वैतागला होता आणि त्याला लवकर निघायचं होतं. ही बाई अशी जाणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं समोरच बसलेल्या पाटलाच्या नातवाला उठवलं. तूप-पोळी खाऊन टम्म झालेलं पोट्टं, अंगावर ओरखडा नाही. त्याच्या गुबगुबीत दंडात टाचणी टोचली.

"दुखतंय का?"

"नाही जी," पाटलाचा नातू म्हणाला. त्याच्या डोळ्यात पाणी उभं होतं आणि दंडावर रक्ताचा थेंब.

डॉक्टरनं टाचणीकडं पाहिलं. शेजारच्याला टोचली. "नाही जी." त्याच्या पुढच्याला. "नाही जी." एक पोरगी टोचायच्या आधीच म्हणाली, "नाही जी." बोळ्यानं पुसायचं, टोचायचं, पुसायचं, टोचायचं. एका ओळीत सोनाराचं पोरगं, पाटलाचा नातू, कोतवालाची पोरगी, सगळ्यांना महारोग. गावात इतकी समता त्याआधी मी पाहिली नव्हती.

डॉक्टर उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. एवढं शिकून त्याला सुचलं काय, तर टाचणी बोथट झाली. "गुरुजी, जरा हात द्या बरं," तो म्हणाला. गुरुजी कसनुसं हसले. साहेबानं हात मागितला तर नाही कसं म्हणणार? दिला. डॉक्टरनं त्यांच्या बोटाच्या पेरावर टोचली, पोरांना टोचली होती त्याच्या निम्म्यानंही नसेल.

"ओय ओय ओय! आई गं," गुरुजी म्हणाले, आणि हात हिसकून बोट तोंडात घातलं. वेत खाली पडला.

शाळेत कोणी हसलं नाही. सगळे वेताकडं पाहत होते. मग माझ्या बहिणीचा आवाज आला, अगदी खराखुरा, पाढा चुकलेल्याला सांगावं तसा.

"अजून एक."

"काय म्हणाली ही?" डॉक्टरनं विचारलं.

गुरुजींचं बोट अजून तोंडातच होतं. पाटलाचा नातू दंड चोळत म्हणाला, "ओय म्हटलं का अजून एक भेटते जी. दुखलं म्हटलं तरी भेटते." त्याला वाटलं, साहेबाला शाळेचा नियम माहीत नाही, सांगितलं पाहिजे.

डॉक्टरला समजलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. रागानं की लाजेनं, मला माहीत नाही, आणि मला त्याची पर्वाही नाही. त्यानं खिशातून कापूस काढला, बहिणीला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, "दुखलं का नाही विचारत. कुठं लागलं तिथं बोट ठेव फक्त." कापूस चट्ट्यावर टेकवला. तिनं बोट बरोबर तिथंच ठेवलं. दुसरीकडं टेकवला, तिथंही ठेवलं. तिसऱ्यांदा त्यानं टेकवलाच नाही, तर ती म्हणाली, "लागलं नाही." एवढंच आधी केलं असतं तर आमचा आठवडा वाचला असता. पण मग तपासणीला वेळ लागला असता, आणि कोंबडी गार झाली असती.

"हिला काही नाही," तो म्हणाला. "वर्गात बसवा."

मायनं बहिणीला जवळ घेतलं नाही, काही नाही. फक्त तिची बाही खाली ओढली आणि तिला तिच्या जागेकडं ढकललं. ती जाऊन बसली, पाटी फडक्यातून काढली, आणि काही लिहायला सांगतात काय म्हणून गुरुजींकडं बघू लागली.

गुरुजींचं पुढं काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. डॉक्टरनं वर कुणाला काही कळवलं नाही. वेत राहिला, पऱ्हाटीही राहिली. काही वर्षांनी गावानं त्यांना हार घालून, नारळ देऊन निरोप दिला आणि भाषणात त्यांनी पिढ्या घडवल्या असं कोणी म्हणालं. पण त्या दिवशी निघताना, जीपमध्ये चढता चढता, डॉक्टर थांबला. आम्ही सगळे ओट्यावर रांगेनं उभे होतो. गुरुजी पुढं, जखमी बोट धोतराच्या सोग्यात लपवून.

"फार दुखलं का हो गुरुजी?" डॉक्टरनं विचारलं.

गुरुजी ताठ झाले, टाच टाचेला लावली.

"नाही जी," म्हणाले.